शुगर कंट्रोलमध्ये, क्रिएटिनिन नॉर्मल. मग लघवी कशाला तपासायची?

मिरजेत कुठल्याही मधुमेहाच्या ओपीडीबाहेर तासभर बसलात तर हा प्रश्न एकदा तरी कानावर पडतोच. हातात फाईल असते. उपाशीपोटीची शुगर 128, जेवणानंतरची 170, आणि रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीच्या कामाचा अंदाज देणारा आकडा, 1.1. "सगळं रेंजमध्ये आहे की हो डॉक्टर, मग आता लघवी कशाला?" प्रश्न रास्त आहे. पैसे खर्च होणार असतात, विट्याहून किंवा जतहून आलेल्या माणसाची परतीची एसटी चुकणार असते, आणि दुखत तर काहीच नसतं.

उत्तर थोडक्यात असं. टाइप दोन मधुमेहात किडनीचं नुकसान क्रिएटिनिन वाढण्याच्या कितीतरी वर्षं आधी सुरू झालेलं असू शकतं. बहुतेकांत त्याची पहिली खूण लघवीत उमटते, रक्तात नाही. आणि औषधांचा उपयोग सगळ्यात जास्त होतो तो याच काळात.

हे आत्ता लिहावंसं वाटण्याचं एक कारण आहे. मार्च 2025 मध्ये एम्पाग्लिफ्लोझिन या गोळीचं पेटंट भारतात संपलं, अनेक कंपन्यांनी ती बाजारात आणली आणि किंमत बरीच खाली आली. त्याच जातकुळीतली डॅपाग्लिफ्लोझिन 2020 पासूनच स्वस्त झाली होती. बातम्या आल्या त्या "शुगरची गोळी स्वस्त" अशा. खरं तर या गोळ्यांचं मोठं काम किडनी आणि हृदय वाचवण्याचं आहे. त्या कामासाठी कोणाला त्यांची गरज जास्त आहे, हे लघवी तपासल्याशिवाय नीट कळत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे. मधुमेह असलेल्या साधारण तिघांपैकी एकाला पुढं-मागं किडनीचा त्रास होतो. सांगली जिल्ह्यातल्या कुठल्याही गल्लीत या हिशेबात बसणारी माणसं आहेत.

## किडनी दिवसभर काय करते

प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख बारीक गाळणी-घटक असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. प्रत्येक नेफ्रॉनच्या तोंडाशी केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ असतो आणि रक्त तिथं गाळलं जातं. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर पाणी गाळतात. त्यातलं जवळजवळ सगळं पुन्हा शरीरात ओढून घेतलं जातं आणि दीड-दोन लिटर लघवी उरते.

रक्तात अल्ब्युमिन नावाचं प्रथिन असतं. ते यकृतात तयार होतं आणि रक्तातलं पाणी वाहिन्यांमध्ये धरून ठेवतं. निरोगी गाळणीतून ते जवळजवळ निसटत नाही. पुढचं सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

## साखर गाळणीचं काय करते

तासगाव-मिरज भागातल्या द्राक्षबागायतदाराला हे चटकन कळेल. ठिबकच्या सुरुवातीला जाळीचा फिल्टर असतो. मोटारीचा दाब सतत जास्त राहिला तर जाळी ताणली जाते आणि एखाद्या ठिकाणी फाटते. त्या दिवशी बागेत काय दिसतं? काहीच नाही. शेवटच्या ओळीपर्यंत पाणी जोरात पडत असतं. पण लॅटरलच्या, म्हणजे ओळीतल्या नळीच्या, टोकाचं टोपण काढून पाणी ओंजळीत घेतलं की रेतीचे कण लागतात. जाणता माणूस ड्रिपर बंद पडायची वाट बघत नाही, तो टोकाचं पाणी बघतो.

मधुमेहात असंच घडतं. साखर बरीच वर्षं चढी राहिली की नेफ्रॉनच्या गुच्छाकडं रक्त आणणारी वाट सैल पडते आणि गुच्छातला दाब वाढतो. रक्तदाबही जास्त असेल तर त्यात भरच पडते. या काळात किडनी नेहमीपेक्षा जास्त वेगानं गाळत असते, त्यामुळं रक्ताचा रिपोर्ट उलट फार छान दिसतो. आत मात्र गुच्छाच्या भिंती जाड होऊ लागतात, त्यांना आधार देणाऱ्या पेशी गळू लागतात आणि अल्ब्युमिन थोडं थोडं लघवीत निसटतं. हीच रेती. पुढं एकेक गुच्छ व्रण होऊन बंद पडतो आणि त्याचं काम उरलेल्यांच्या अंगावर येतं.

फिल्टरची जाळी मार्केट यार्डाजवळच्या दुकानात नवी मिळते. नेफ्रॉन मात्र जन्मानंतर नव्यानं तयार होत नाहीत, म्हणून टोकाचं पाणी लवकर बघायचं.

## क्रिएटिनिन नॉर्मल, तरी भरवसा का नाही

क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंच्या कामातून तयार होणारा टाकाऊ पदार्थ. किडनी तो बाहेर टाकते. किडनी मंदावली की तो रक्तात साठतो. तपासणी चांगलीच आहे, पण तिला दोन मर्यादा आहेत.

एक म्हणजे किडनीची जवळजवळ निम्मी ताकद जाईपर्यंत हा आकडा रेंजच्या आत राहू शकतो.

दुसरी मर्यादा अशी की तो तुमच्या अंगावर स्नायू किती आहेत यावर ठरतो. रोज तालमीत जाणारा तीस वर्षांचा गडी आणि त्याची पासष्ट वर्षांची आजी, दोघांचंही क्रिएटिनिन 1.2 आलं असं धरा. कागदावर दोघांचा आकडा सारखा. पण वय आणि स्त्री-पुरुष फरक धरून सूत्रानं हिशेब केला तर नातवाची गाळण्याची क्षमता निघते सुमारे 83, आणि आजीची सुमारे 50. कितीतरी रिपोर्टांवर 1.2 ही रेंजची वरची हद्द असते, म्हणून आजीच्या आकड्याखाली लाल रेघ येत नाही. आजी निवांत घरी जाते.

सूत्रानं काढलेल्या या क्षमतेला ईजीएफआर म्हणतात. गाळण्याचा अंदाजे वेग, मिनिटाला किती मिलिलिटर. 90 च्या वर चांगला. 60 च्या खाली तीन महिन्यांहून जास्त राहिला तर किडनीचा दीर्घ आजार. 15 च्या खाली गेला की डायलिसिस किंवा किडनी बदलण्याचा विचार सुरू होतो. वेगळं रक्त द्यावं लागत नाही. क्रिएटिनिन, वय आणि लिंग एवढ्यावर तो काढता येतो. प्रत्येक लॅबनं क्रिएटिनिनच्या शेजारी तो न मागताच छापायला हवा, असं माझं ठाम मत आहे. छापलेला नसेल तर डॉक्टरांना काढून द्यायला सांगा.

## लघवीची कुठली तपासणी

तपासणीचं नाव अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, लॅबवाले एसीआर म्हणतात. चिठ्ठीवर "मायक्रोअल्ब्युमिन" असंही लिहिलेलं असतं. चोवीस तास लघवी कॅनमध्ये साठवायची गरज नाही. एक छोटी बाटली पुरते. सकाळची पहिली लघवी उत्तम, पण गावाहून येताना ती जमली नाही म्हणून तपासणी टाळू नका, दिवसातली कुठलीही चालते.

अल्ब्युमिनला क्रिएटिनिननं भागायचं कशाला? समजा पहाटेची लघवी दाट आहे. लिटरमागं अल्ब्युमिन 90 मिलिग्रॅम, क्रिएटिनिन दीड ग्रॅम. भागाकार 60. त्याच माणसानं नंतर दोन तांबे पाणी प्यायलं आणि लघवी पातळ झाली. आता अल्ब्युमिन 30, क्रिएटिनिन अर्धा ग्रॅम. भागाकार पुन्हा 60. नुसतं अल्ब्युमिन मोजलं असतं तर एकदा घाबरलो असतो आणि एकदा निर्धास्त झालो असतो. लघवीत क्रिएटिनिन रोज साधारण ठरलेल्या प्रमाणात पडतं, त्यामुळं पाण्याचा फरक आपोआप निघून जातो.

एसीआर 30 च्या आत म्हणजे ठीक. 30 ते 300 म्हणजे गळती सुरू झाली आहे. 300 च्या वर म्हणजे गळती जास्त आहे. हे आकडे ग्रॅममागं मिलिग्रॅमचे. काही लॅबच्या एककात हाच 30 चा आकडा 3 असा येतो, तेव्हा आकड्याशेजारचं एकक वाचा.

ईजीएफआर आणि एसीआर, या दोन्ही तपासण्या टाइप दोन मधुमेह सापडला त्याच दिवशी करायच्या आणि मग दरवर्षी. "मला तर गेल्याच महिन्यात शुगर निघाली, इतक्यात कशाला?" असं विचारतात. शुगर निघाली गेल्या महिन्यात, वाढली कधी ते कोणालाच माहीत नसतं. टाइप दोन बरीच वर्षं मुक्यानं राहतो. काहींची किडनी पहिल्याच तपासणीत गळकी सापडते.

आणि दोन्ही हव्यात, एक नाही. काहींच्या लघवीत अल्ब्युमिन कधीच येत नाही, तरी ईजीएफआर उतरत जातो. काहींचं उलट असतं. ईजीएफआर 95 पण एसीआर 400 असलेला माणूस, ईजीएफआर 58 आणि एसीआर 10 असलेल्यापेक्षा जास्त धोक्यात असतो. नुसतं रक्त बघणाऱ्याला पहिला माणूस ठणठणीत वाटेल.

## "लघवी तपासली की, प्रोटीन निल आलंय"

इथं बरेच जण फसतात, कारण कागदावर "निल" स्पष्ट छापलेलं असतं. साध्या लघवी तपासणीत रंग बदलणारी पट्टी वापरतात. लिटरमागं साधारण 300 मिलिग्रॅम अल्ब्युमिन झाल्यावर ती खात्रीनं रंग बदलते. म्हणजे 30 ते 300 हा जो कमावण्याचा काळ, तो बहुतेक वेळा तिच्या नजरेतून सुटतो. "निल"चा अर्थ "पट्टीला दिसलं नाही" एवढाच घ्यायचा.

डॅनिश डॉक्टर कार्ल एरिक मोगेन्सन यांनी 1984 मध्येच दाखवून दिलं होतं की पट्टीला न दिसणारी ही बारीक गळती असलेल्या मधुमेहींना पुढं मोठी गळती होण्याचा आणि लवकर मृत्यूचा धोका जास्त असतो. तेव्हापासून चाळीस वर्षं झाली. गावोगावच्या शिबिरांत अजूनही बहुतेक वेळा बोटाला टोचून साखर आणि दंडाला पट्टा बांधून रक्तदाब, इथवरच गाडी थांबते. ज्यांना मधुमेह आहे हे आधीच माहीत आहे, निदान त्यांच्यासाठी तरी शिबिरात लघवीची बाटली ठेवायला हवी. हृदयाच्या दृष्टीनंही ती महत्त्वाची आहे, कारण किडनी बिघडलेल्या मधुमेहींतले अनेक जण डायलिसिसपर्यंत पोचण्याआधी हृदयविकारानं जातात.

## एकदा वाढलेला आला म्हणजे किडनी गेली?

नाही. ताप, लघवीतला जंतुसंसर्ग, मासिक पाळी, आदल्या दिवशीचं अंग मोडणारं काम किंवा व्यायाम, फार चढलेली साखर किंवा रक्तदाब, यांतल्या कशानंही आकडा तात्पुरता वाढतो. म्हणून तीन ते सहा महिन्यांत तीनदा तपासून त्यातले दोन वाढलेले आले तरच शिक्का मारतात. पण "पुन्हा बघू" म्हणून तीन वर्षं गेली तर त्याला बघणं म्हणत नाहीत.

## "दुखत नाही, सोनोग्राफीही चांगली आहे"

किडनीच्या या आजारात कंबर दुखत नाही, लघवी अडत नाही, जळजळ होत नाही. पाय सुजणं, लघवीला न बसणारा फेस, भूक मरणं, धाप लागणं ही लक्षणं येतात तेव्हा बराच उशीर झालेला असतो. कळा येतात त्या मूतखड्याच्या. तो वेगळा आजार आहे. "मला खडा नाही, म्हणजे किडनी चांगली" हा हिशेब जुळत नाही.

सोनोग्राफीत आकार दिसतो, काम दिसत नाही. मधुमेहात तर किडनी बराच काळ आकारानं नॉर्मल किंवा किंचित मोठीच राहते. त्यामुळं "दोन्ही किडन्या नॉर्मल" हे वाक्य रिपोर्टात असूनही एसीआर 500 असू शकतो. डोळ्यांचा पडदा मात्र तपासून घ्यावा. तिथल्या आणि किडनीतल्या बारीक वाहिन्या बऱ्याचदा बरोबरीनं बिघडतात.

## "आता तर शुगर आपोआप कमी येतीय"

हे वाक्य ऐकलं की मला धास्ती वाटते. वर्षानुवर्षं 200 च्या घरात असलेली शुगर जेवण तेच, गोळ्या त्याच असताना 100 च्या खाली यायला लागते. घरचे म्हणतात, "अण्णांची शुगर बरी झाली, त्या काढ्याचा गुण आला." शरीरातलं इन्सुलिन मोडून बाहेर काढण्याचं काही काम किडनी करते. ती थकली की इन्सुलिन रक्तात जास्त वेळ टिकतं. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्यांचा असरही लांबतो. पहाटे घाम, थरथर, बडबड सुरू होते, कधी माणूस उठवल्यावर उठत नाही. कारण नसताना शुगर उतरू लागली तर आनंद करण्याआधी त्याच आठवड्यात क्रिएटिनिन आणि ईजीएफआर बघा.

## "इतक्या गोळ्या खाऊनच किडनी जाते"

या एका समजुतीनं आपल्याकडं फार नुकसान केलं आहे. लोक मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी बंद करतात, रक्तदाबाची गोळी बंद करतात आणि नेमक्या त्यानंच किडनी बिघडते. मेटफॉर्मिननं किडनी खराब होत नाही. किडनी आधीच खराब असेल तर ती अंगात साठू शकते, म्हणून ईजीएफआर 45 च्या खाली गेला की डोस कमी करतात आणि 30 च्या खाली गेला की बंद करतात.

किडनीला खरा धोका ज्या गोळीचा आहे तिच्याविषयी कोणी तक्रार करत नाही. द्राक्षाची छाटणी म्हणजे दिवसभर मान आणि हात वर. ऊसतोड म्हणजे दिवसभर कंबरेत वाक. रात्री मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय डायक्लोफिनॅक किंवा असिक्लोफिनॅकची पट्टी आणली जाते. ही वेदनाशामकं किडनीकडं जाणारं रक्त कमी करतात. उन्हात घाम गेलेला, रक्तदाबाची आणि लघवी वाढवणारी गोळी चालू, वर हे औषध, एवढं जुळून आलं की किडनी चार दिवसांत कोलमडू शकते. मधुमेह्यानं दुखण्यासाठी पॅरासिटामॉलवर थांबावं, तेही ठरल्या मात्रेत. ज्यात काय आहे ते लिहिलेलं नाही अशी भस्मं आणि पुड्याही नकोत. शिसं आणि पारा किडनी सोडत नाहीत.

## गळती सापडली तर काय करतात

साखर आवरणं आहेच. तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीए1सी बहुतेकांसाठी 7 च्या आसपास. रक्तदाब 130/80 च्या आत. तंबाखू आणि मिश्री बंद.

औषधांत दोन गट महत्त्वाचे. पहिला टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल यांचा. ही रक्तदाबाची औषधं खरी, पण त्यांचं खास काम म्हणजे गुच्छातून रक्त बाहेर नेणारी वाट ती मोकळी करतात. दुसरा गट डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांचा. यांच्यामुळं जादा साखर लघवीवाटे जाते आणि सैल पडलेली आत येणारी वाट आवळली जाते. दोन्ही बाजूंनी जाळीवरचा दाब उतरतो. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॅपाग्लिफ्लोझिनच्या मोठ्या चाचणीत किडनी झपाट्यानं बिघडणं, निकामी होणं किंवा किडनी-हृदयामुळं मृत्यू, हा सगळा धोका मिळून 39 टक्क्यांनी कमी झाला. त्यातले बहुतेक रुग्ण पहिल्या गटाचं औषध आधीच घेत होते, म्हणजे हा फायदा त्याच्या वरचा. अलीकडं फिनेरेनोन आणि सेमाग्लुटाइड यांचाही उपयोग सिद्ध झाला आहे.

यावर नेहमी येणारी हरकत अशी की "गोळी सुरू केली आणि क्रिएटिनिन 1.3 चं 1.5 झालं, म्हणून बंद केली." दाब उतरला की गाळण्याचा वेग सुरुवातीला थोडा कमी होणारच. क्रिएटिनिन 30 टक्क्यांच्या आत वाढलं तर सहसा औषध चालू ठेवतात, कारण पुढच्या वर्षांतली घसरण त्यामुळंच मंदावते. स्वतःच्या मनानं थांबवू नका, दोन-चार आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासा. मात्र जुलाब-उलट्या लागल्या, मोठा ताप आला, कडक उपास असला तर ही औषधं तात्पुरती थांबवावी लागतात. ऑपरेशनच्या आधी दुसऱ्या गटातली गोळी काही दिवस बंद ठेवतात. या गोळीनं लघवीच्या जागी खाज किंवा बुरशी येऊ शकते. लाजून गप्प न बसता डॉक्टरांना सांगावं, इलाज साधा असतो. गर्भधारणेत या दोन्ही गटांतली औषधं चालत नाहीत.

## ताटात आणि तांब्यात

मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे एक सपाट चमचा. भडंग, फरसाण, पापड, लोणचं, ठेचा यांतून ते नकळत जातं. "लो सोडियम" मीठ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि ईजीएफआर उतरलेल्या, टेल्मिसार्टन घेणाऱ्या माणसाचं पोटॅशियम चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. शहाळ्याचंही तेच. भरपूर पाणी प्यायल्यानं किडनी "साफ" होत नाही, तहानेप्रमाणे प्यावं. पाय सुजलेल्यांनी तर मोजूनच.

## "एवढा खर्च कोण करणार?"

एसीआरला काही शे रुपये लागतात, वर्षातून एकदा. किडनी थकल्यावर डायलिसिस साधारण आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं आणि 2016 पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमही आहे, त्यामुळं उपचाराचा मोठा भार उचलला जातो. पण आटपाडीहून किंवा जतहून आठवड्यात तीन खेपा, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी, हे कुठल्याच योजनेत बसत नाही. मिरजेत विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये रुग्णालय उघडलं तेव्हापासून हा भाग वैद्यकीय पंढरी म्हणून ओळखला जातो. चांगले डॉक्टर आपल्याला हाकेच्या अंतरावर आहेत. आपण त्यांच्याकडं पोचतो उशिरा.

## किडनीतज्ज्ञाकडं कधी जायचं

वर्षाची तपासणी आणि सुरुवातीची औषधं नेहमीचे डॉक्टर बघू शकतात. ईजीएफआर 30 च्या खाली गेला, एसीआर 300 च्या वर टिकून राहिला, वर्षभरात ईजीएफआर झपाट्यानं उतरला, लघवीत रक्त दिसलं, किंवा डोळ्याचा पडदा स्वच्छ असून लघवीत प्रथिन खूप जातंय, असं काही असेल तर नेफ्रॉलॉजिस्टला दाखवा. शेवटच्या बाबतीत कारण मधुमेहाऐवजी दुसरंच असू शकतं आणि त्याचा उपचार वेगळा असतो. जाताना मागच्या दोन-तीन वर्षांचे क्रिएटिनिनचे सगळे कागद तारखेप्रमाणे लावून न्या, आणि घरात चालू असलेली प्रत्येक गोळी, दुखण्याची पट्टी आणि काढ्याची बाटलीसुद्धा, पिशवीत घालून सोबत ठेवा.